भाडेकरूची घरपट्टी आणि दारातला बेलीफ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी शिक्षणावरची आपली पुरवणी कराडहून बहिणीने व्हॉट्सॲपवर पाठवली. व्हिसा, शिष्यवृत्त्या, विमानातल्या सामानाचं वजन, कुकर न्यावा की नेऊ नये, सगळं होतं. (न्यावा.) इंग्लंडात भाडेकरूला घरपट्टी भरावी लागते, हे मात्र कुठेच नव्हतं. माझ्या भाच्याला ते गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळी सव्वासातला, दारात उभ्या असलेल्या बेलीफमुळे, म्हणजे थकबाकीसाठी जप्ती करणाऱ्या माणसामुळे, कळलं.

आपल्याकडे घरपट्टी ही घरमालकाची डोकेदुखी. भाडेकरू फार तर तिची पावती बघतो. इथली घरपट्टी म्हणजे कौन्सिल टॅक्स (कौन्सिल म्हणजे इथली पालिका), आणि तो घरात राहणाऱ्याकडून वसूल होतो. तो १ एप्रिल १९९३ पासून आहे. त्याआधी माणशी सारख्या दराचा पोल टॅक्स होता आणि त्यावरून मार्च १९९० मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दंगल पेटली होती. आताचा कर घराच्या किमतीच्या गटावर ठरतो, पण किंमत धरतात १ एप्रिल १९९१ ची. परवा बांधून झालेलं घर असलं तरी ‘हे १९९१ मध्ये असतं तर कितीला गेलं असतं’ असा हिशेब करतात. इंग्रजांचं हे असंच.

पूर्णवेळ विद्यार्थीच राहत असतील तर त्या घराला कर माफ. खोलीखोलीचा वेगळा करार असेल तर तो सहसा घरमालकाच्या डोक्यावर. आमच्या भाचेबुवांचा करार तिघांनी मिळून अख्ख्या घराचा होता. तिघेही विद्यार्थी होते तोवर काही प्रश्न नव्हता. सप्टेंबरात याचा एम.एस्सी. संपला, हा शिक्षणानंतरच्या दोन वर्षांच्या व्हिसावर नोकरीला लागला, बाकीचे दोघे पीएच.डी. करत राहिले. त्या दिवसापासून घराची माफी संपली. विद्यार्थी सोडून मोजण्यासारखा माणूस एकच म्हणून २५ टक्के सूट मिळाली, पण उरलेला कर एकट्या याच्या नावावर आला. याला वाटत होतं, आपण अजून ‘स्टुडंट हाउस’मध्ये राहतो. खिडकीवाली तपकिरी पाकिटं पायपुसण्यावर पडत गेली आणि पिझ्झाच्या जाहिरातींखाली जमत गेली.

त्या पाकिटांत काय होतं ते मी नंतर तारखेवार लावून वाचलं. हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं, सात दिवसांत भरा म्हणून. नाही भरला तर आणखी सात दिवसांनी हप्त्यांची सवलत जाते आणि वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स. सुनावणीला हा गेलाच नाही. गेला असता तरी ‘माझ्याकडे आत्ता पैसे नाहीत’ हा तिथे बचाव होत नाही. कर तुमच्याकडे निघतो की नाही, एवढंच बघतात. शेकडो नावांच्या यादीत याच्याही नावावर वसुलीचा हुकूम झाला आणि प्रकरण बेलीफ पुरवणाऱ्या एका खासगी कंपनीकडे गेलं.

मूळ बाकी ७१२ पौंड. कोर्टाचा खर्च धरून ७९७. कंपनीकडे कागद जाताक्षणी ७५ चढले, झाले ८७२. जप्तीपूर्वीच्या नोटिशीत सात दिवस असतात, तेवढ्यात फोन केला असता तर तिथेच थांबलं असतं. फोन झाला नाही. बेलीफने दारावर टकटक केली की त्याची फी २३५ पौंड, झाले ११०७. हे दर २०१४ च्या नियमांत लिहिलेले आहेत. बेलीफने खिशातून काढलेले नाहीत, म्हणून त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता.

आता त्या शनिवारविषयी. पहिल्या भेटीत कौन्सिल टॅक्ससाठी बेलीफ दार तोडू शकत नाही, ढकलून आत घुसू शकत नाही, दारात पाय अडकवू शकत नाही. सकाळी सहाच्या आधी आणि रात्री नऊनंतर येऊ शकत नाही. घरात फक्त सोळा वर्षांखालचं मूल असेल तर आत पाऊल टाकू शकत नाही. दार बंद ठेवून खिडकीतून किंवा फोनवर बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण दार उघडलं याच्या सांगलीकर मित्राने. बाहेर पाऊस. छातीवर कॅमेरा लावलेला, ओळखपत्र दाखवणारा, अदबीने बोलणारा माणूस. मित्र म्हणाला, आत या ना, चहा घ्या.

दारात आलेल्याला आत बोलवायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं. तो आत आला, म्हणजे कायद्याच्या भाषेत शांततेने प्रवेश झाला. मग त्याने चहाला नको म्हणून वही काढली आणि दिवाणखान्यातल्या वस्तूंची यादी सुरू केली. भाच्याने मला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

मी वकील नाही. पण माझे वडील कराडच्या दिवाणी न्यायालयात नाझर होते आणि बेलीफ मंडळी त्यांच्याच हाताखाली. सायकलच्या दांडीला पिशवी अडकवून समन्स वाटत फिरणारी ती माणसं आमच्या ओट्यावर बसून खरंच चहा प्यायची. वडील म्हणायचे, जप्तीला गेलेल्याने आधी काय उचलायचं नाही ते पाठ करावं. १९०८ च्या आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माने बाईला उतरवता न येणारा दागिना जप्त होत नाही. इथली यादी थोडी वेगळी, पण हाडाने तीच. कपडे, अंथरूण, शेगडी, फ्रिज, धुलाईयंत्र यांना हात लावायचा नाही, आणि धंद्या-नोकरीची साधनं एकूण १३५० पौंडांपर्यंत सोडायची. दुसऱ्याची वस्तू तर घेताच येत नाही.

तेव्हा मी एकेक वस्तू विचारली. टीव्ही कोणाचा? घरमालकाचा, करारातल्या यादीत आहे. दोन लॅपटॉप? मित्रांचे, पावत्या मेलवर आहेत. तिसरा? माझा, कामाचा. उरली एक सायकल आणि एक बरा स्पीकर. बेलीफने खळखळ न करता बाकी सगळं खोडलं. दारात गाडी असती तर गोष्ट वेगळी झाली असती. गाडी रस्त्यावर उभी असली तरी तिच्या चाकाला क्लॅम्प लावता येतो आणि तिच्यासाठी घरात शिरावंही लागत नाही.

शेवटी सायकल आणि स्पीकर तारण म्हणून लिहून देणाऱ्या करारावर भाच्याने सही केली. वस्तू घरातच राहतात, हप्ते सुरू होतात. दरमहा १८५ पौंड, सहा महिने, शेवटचा किंचित कमी. या सहीचा दुसरा अर्थ असा, की हप्ता चुकला तर पुढच्या खेपेला त्यांना नोटीस देऊन जबरीने आत येता येतं. सही करण्याआधी हे वाचायला मी त्याला सांगितलं. त्याने वाचलं की नाही, देव जाणे.

कराडला बहिणीची रात्रीची झोप उडाली. पोलीस येतील का, नाव खराब होईल का? पोलिसांचा यात संबंध नाही आणि बेलीफला कोणाला तुरुंगात टाकण्याचा अधिकार नाही. मुद्दाम बुडवणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद देण्याची कोर्टाची तरतूद इंग्लंडात अजून आहे (वेल्सने ती २०१९ मध्ये काढून टाकली). पण हप्ते फेडणाऱ्याच्या वाटेला ती जात नाही.

कर त्याचाच होता, उशीर त्याचाच होता. मी भाच्याची बाजू घेत नाही. तरी एक गोष्ट मला खटकते. वसुलीचा हुकूम मिळाला की कौन्सिलला थकबाकी परस्पर पगारातून कापून घेता येते. मालकाने त्यासाठी दर वेळी कामगाराकडून एक पौंड घ्यावा, एवढाच त्याचा खर्च. पगारदार माणसाकडे हा रस्ता असताना बेलीफचा ३१० पौंडांचा (७५ अधिक २३५) रस्ता आधी का धरतात? पुण्यात थकबाकीदाराच्या दारात पालिका बँड वाजवते, त्याला आपण हसतो. त्या बँडवाल्यांची बिदागी निदान थकबाकीदाराच्या बिलात तरी लागत नाही, असा माझा समज आहे.

उलट आपल्याकडे अभय योजनेची वाट बघत बसायची सवय. आज ना उद्या शास्ती माफ होईल, तेव्हा भरू. इथे तसं काही येत नाही. येतं ते पुढचं पाकीट.

तेव्हा पुढच्या पुरवणीत चार ओळींची चौकट छापावी, ही विनंती. घरात शिरताच कौन्सिलला कळवा आणि विद्यापीठाचा दाखला जोडा. शिक्षण संपल्याची तारीखही तुम्हीच कळवा. व्हिसामुळे नोकरी करायला किंवा सरकारी भत्ते घ्यायला मनाई असलेल्या, विद्यार्थ्याच्या परदेशी जोडीदाराचं डोकंही या करात मोजत नाहीत, ते मागून घ्या. दहा हप्ते जड जात असतील तर बारा मागता येतात. आणि अडचण आलीच तर ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’ किंवा ‘स्टेपचेंज’ फुकट सल्ला देतात. पैसे घेऊन कर्ज मिटवून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. २०२१ पासून अशा सल्लागारामार्फत साठ दिवसांची उसंतही मिळू शकते, त्या काळात बेलीफ दारात येत नाही.

भाच्याचा शेवटचा हप्ता नोव्हेंबरात गेला. सांगलीकर मित्र आता दाराला साखळी लावून बोलतो, मी गेले तरी.

आपली,
एक वाचक
(मूळ कराड, सध्या इंग्लंड. नाव-पत्ता सोबत कळवला आहे, भाच्यासाठी तो छापू नये.)