हेडलाईट 'ऑटो'वर सोडून देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार,

गाड्यांबद्दल पेपरात बरंच छापून येतं, मायलेज किती, सनरूफ आहे का, स्क्रीन किती इंची, पण लाईटच्या खटक्यावर जो 'ऑटो' म्हणून एक पर्याय असतो त्याच्याबद्दल कोणी नीट लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही, म्हणून हे पत्र. गाडी घेतली त्या दिवशी खटका ऑटोवर गेला आणि गाडी विकेपर्यंत तिथेच राहिला असे लोक आता खूप झालेत, आणि विचारलं तर म्हणतात, "अहो गाडीला कळतं की कधी लावायचे ते." मला एवढंच सांगायचंय की गाडीला अंधार पडलेला कळतो, तुम्ही बाकीच्यांना दिसताय की नाही हे नाही कळत. आणि लाईट लावायचे ते निम्मे तर आपण इतरांना दिसावं म्हणूनच ना?

आधी ही सिस्टीम काय करते ते बघू. समोरच्या काचेला आतल्या बाजूने, आरशाच्या मागे एक छोटी काळी डबी असते, काही गाड्यांत डॅशबोर्डवर काचेच्या कडेला असते, तिच्यात उजेड मोजणारा सेन्सर असतो. वरून आणि समोरून किती उजेड येतोय तेवढं तो मोजतो, ठराविक आकड्याच्या खाली गेला की हेडलाईट लागतात, वर गेला की थोड्या वेळाने बंद होतात. नुसत्या अंधारासाठी हे अगदी बरोबर आहे. पण धुकं म्हणजे अंधार नव्हे. धुक्यातले पाण्याचे बारीक थेंब उजेड चहूकडे पसरवतात, सगळं पांढरंफेक होतं, सेन्सरला भरपूर उजेड मिळतो आणि त्याच वेळी माणसाला पन्नास मीटरवरचा ट्रक दिसत नाही. सेन्सर बिघडलेला नसतो बरं का, तो त्याचं काम चोख करत असतो, फक्त त्याला दिलेलं काम वेगळं आहे.

आता आकडे सांगतो कारण सगळी गोम तिथेच आहे. गाड्यांच्या दिव्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा एक नियम आहे, रेग्युलेशन ४८, बऱ्याच देशांत गाड्यांचे दिवे त्याप्रमाणे बसवतात. त्यात आपोआप लागणाऱ्या हेडलाईटसाठी असं दिलंय की बाहेरचा उजेड १००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) खाली गेला तर दिवे २ सेकंदांच्या आत लागले पाहिजेत, ७००० लक्सच्या वर गेला तर ५ सेकंदांनंतर पण ३०० सेकंदांच्या आत बंद झाले पाहिजेत, आणि १००० ते ७००० च्या मध्ये काय करायचं ते कंपनीने ठरवायचं. मधला तो पट्टा म्हणजे नेमकं काय ते लक्षात घ्या. कडक उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो, चांगला उजेड असलेल्या ऑफिसात टेबलावर पाचशेच्या आसपास. म्हणजे १००० लक्स हा बाहेरच्या मानाने बराच काळोख झाला. दिवसाचं दाट धुकं, आभाळ भरून आलेला पाऊस, सूर्य उगवल्यावर लगेचची आणि मावळायच्या जरा आधीची वेळ, हे सगळं बहुतेक वेळा त्या मधल्या पट्ट्यात पडतं नाहीतर त्याच्याही वर जातं. तेव्हा एकाच धुक्यात एकामागे एक चाललेल्या दोन गाड्यांत एकीचे दिवे लागलेले आणि दुसरीचे बंद असं होऊ शकतं आणि दोन्ही गाड्या नियमात बसतात! ज्या वेळेला दिव्यांची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तीच वेळ कंपनीच्या मर्जीवर, आणि आपल्या कंपनीने काय ठरवलंय हे गाडी घेताना कोण विचारतं आणि कोण सांगतं.

त्याच नियमात हेही स्पष्ट म्हटलंय की दिवे आपोआप लागत असले तरी ते हाताने चालू बंद करता आलेच पाहिजेत. नियम करणाऱ्यांनी शेवटचा निर्णय ड्रायव्हरच्या हातात ठेवलाय आणि आपण तो हात काढून घेतलाय.

दुसरी गोष्ट मागच्या दिव्यांची, आणि मला जास्त काळजी हिचीच वाटते. हल्लीच्या गाड्यांना पुढे डीआरएल असतात, दिवसा जळणारे ते पांढरे दिवे. स्वीडनने १९७७ पासून दिवसासुद्धा दिवे लावणं सक्तीचं केलं, कॅनडात १९८९ च्या डिसेंबरपासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना ते आले, युरोपात फेब्रुवारी २०११ पासून नव्या मॉडेलच्या कारना. कल्पना उत्तमच आहे, समोरून येणारी गाडी लवकर दिसते. पण बऱ्याच गाड्यांत डीआरएल चालू असताना मागचे लाल दिवे बंदच असतात. म्हणजे धुक्यात किंवा पावसात सेन्सरने हेडलाईट लावले नाहीत तर पुढून गाडी चमकते आणि मागून पूर्ण काळोख, त्यात गाडी करडी किंवा सिल्व्हर असली तर धुक्यात विरघळूनच जाते. आत बसलेल्याला यातलं काहीच कळत नाही, कारण पुढे रस्त्यावर डीआरएलचा थोडाफार उजेड पडलेला दिसतो आणि समोरचा मीटर तर इंजिन चालू केल्यापासून झगमगत असतो. पूर्वी लाईट लावल्याशिवाय मीटर उजळायचाच नाही, संध्याकाळी काटा दिसेनासा झाला की हात आपोआप खटक्याकडे जायचा. ती आठवण करून देणारी सोय स्क्रीनवाल्या मीटरने काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरं काही दिलं नाही.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. अशा मागून अंधारात असलेल्या गाड्यांना कॅनडात 'फँटम व्हेईकल' म्हणजे भुताच्या गाड्या म्हणतात आणि तिथल्या सरकारने यासाठी नियमच बदलला. सप्टेंबर २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांत तीनपैकी एक गोष्ट हवीच, डीआरएलबरोबर मागचे दिवेही जळले पाहिजेत, किंवा अंधारात पुढचे मागचे सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, किंवा मग दिवे लावेपर्यंत मीटर काळा राहिला पाहिजे म्हणजे ड्रायव्हरच्या लक्षात येईल. मला विचाराल तर यातली पहिली सगळ्यात चांगली, कारण तिच्यात सेन्सरचा संबंधच येत नाही.

पावसाचं म्हणाल तर काही कंपन्यांनी वायपर आणि हेडलाईट जोडलेत, वायपर सलग चालू राहिले की दिवे लागतात, चांगलं आहे, पण सगळ्या गाड्यांत नाही. आणि जिथे आहे तिथेही अधूनमधून फिरणाऱ्या वायपरला लागतील की नाही ते मॉडेलवर आहे. पाऊस थांबलेला असतो पण पुढच्या ट्रकच्या चाकांतून पाण्याचा नुसता फवारा उडत असतो, त्या फवाऱ्यात मागचा पुढच्याला दिसत नाही आणि वायपर तर एखादाच झटका मारून थांबलेला. अशा वेळी कशाला वाट बघायची?

बोगद्याचंही तसंच. २ सेकंद फार कमी वाटतात पण ताशी ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे दिवे लागेपर्यंत ४४ मीटर आत शिरलात, डोळे अजून बाहेरच्या उन्हातून सावरलेले नाहीत आणि मागून येणारा तर तुमच्याकडेच बघत आत शिरतोय. बोगदा लांबून दिसत असतो, तोंडाशी यायच्या आधीच खटका फिरवला तर काय बिघडतं. सेन्सर अंधारात शिरल्याशिवाय काही करू शकत नाही, माणूस पुढचं बघून करू शकतो.

आता ऑटोच्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर मी नव्या गोष्टींच्या विरोधात आहे असं वाटेल, तसं अजिबात नाही. संध्याकाळी उजेड इतका हळूहळू कमी होतो की डोळे त्याला सरावत जातात आणि काळोख झालाय हे ड्रायव्हरच्या लक्षातच येत नाही, तिथे सेन्सर माणसापेक्षा चांगला. शहरात रस्त्यावर दिव्यांचा लखलखाट असतो तिथे लाईट न लावता निघालेली गाडी पूर्वी नेहमी दिसायची, ऑटोमुळे त्या कमी व्हायला मदतच होते. दमलेला माणूस, घाईतला माणूस, अशांसाठी ती सोय हवीच. नवीनही नाही ती, कॅडिलॅकच्या गाड्यांत संध्याकाळ ओळखून दिवे लावणारी 'ट्वायलाईट सेंटिनल' १९६४ ला आली होती. त्याच्याही आधी १९५२ ला जनरल मोटर्सने 'ऑट्रॉनिक आय' आणला, समोरून गाडी आली की अप्परचा (लांबवर जाणारा झोत) आपोआप डिपर (खाली झुकलेला झोत) करणारा. म्हणून खटका ऑटोवर ठेवूच नका असं मी म्हणत नाही, ठेवा, पण तो विसरलात तर सांभाळून घेणारा म्हणून ठेवा. दिवे लावायचं काम तुमचंच.

आपोआप अप्पर डिपरवरून आठवलं, तिथेही लोक फार निर्धास्त झालेत. आता कॅमेरा समोरच्या गाडीचे हेडलाईट किंवा पुढच्या गाडीचे लाल दिवे ओळखून डिपर करतो, पण पायी चालणाऱ्याला दिवा नसतो, सायकलवाल्याचा असला तर मिणमिणता. चढाच्या पलीकडून किंवा वळणावरून येणाऱ्या गाडीचा उजेड माणसाला आधी झाडांवर, कठड्यावर दिसतो आणि तो आधीच डिपर करतो, कॅमेऱ्याला बऱ्याचदा ती गाडीच समोर दिसावी लागते, तोवर समोरच्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आलेली असते. समोरच्या गाडीवर पडणारे नुसते तेवढेच किरण झाकणारे नवीन हेडलाईट आलेत, अमेरिकेने २०२२ मध्ये त्यांना परवानगी दिली, ते खरंच चांगले आहेत, पण त्यांचाही कॅमेरा चिखलाने माखला की माखलाच.

शिवाय काच पिवळी पडलीय, एका बाजूचा दिवा गेलाय, डिकीत सामान भरल्यामुळे गाडीचं नाक वर होऊन डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातोय, यातलं काहीच ऑटोला कळत नाही. आणि पुढचे मागचे फॉग लॅम्प ऑटो लावत नाही, बहुतेक गाड्यांत ते हातानेच लावावे लागतात. मागचा फॉग लॅम्प हा साध्या लाल दिव्यापेक्षा कितीतरी पटीने प्रखर असतो, दाट धुक्यात तो जीव वाचवतो आणि धुकं सरल्यावर चालू राहिला तर मागच्याला ब्रेक लागलाय की नाही तेच कळत नाही, म्हणून आठवणीने बंदही करायचा.

मग करायचं काय, तर फार काही नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये सरळ सांगितलंय की दिसणं खूप कमी झालं, म्हणजे साधारण १०० मीटरच्या पुढचं दिसेना, की हेडलाईट लावायलाच हवेत, दिवस असो की रात्र. मी याच्याही पुढे जाऊन म्हणेन की वायपर लावला की त्याच हाताने हेडलाईट लावा, धुकं दिसलं की लावा (डिपरवर, अप्परने समोर पांढरी भिंतच उभी राहते), सूर्य मावळायच्या आधी लावा. शंका आली तर लावाच. बॅटरी उतरेल ही भीती आता फारशी राहिलेली नाही, बऱ्याच गाड्यांत दार उघडलं की बीप वाजतो किंवा दिवे आपोआप बंद होतात. आणि एकदा गाडी दिवसा चालू करून कोणाला तरी मागे उभं करा आणि खटका एकेका जागेवर फिरवत विचारा की मागचे लाल दिवे लागलेत का. दोन मिनिटांचं काम आहे, पण अनेकांना पहिल्यांदाच कळेल की ऑटोवर असताना दिवसा मागे काहीच जळत नाही. गाडी सर्व्हिसिंगहून आली किंवा दुसऱ्या कोणी चालवली की खटका कुठे आहे ते बघा, त्यांनी बंद करून ठेवला असेल तर रात्री नुसत्या डीआरएलवर फिरत राहाल.

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांना विनंती आहे की क्लच ब्रेक शिकवता तसा दिव्यांचा खटकाही शिकवा, आणि ऑटोवर शिकवू नका, आधी हाताने. शोरूमवाले चावी देताना फोन गाडीला कसा जोडायचा हे अर्धा तास समजावतात, त्यातली पाच मिनिटं लाईटला द्यावीत. कंपन्यांनी डीआरएलबरोबर मागचे दिवे चालू ठेवावेत, त्यासाठी कुठल्या देशाच्या सक्तीची वाट बघायची गरज नाही, मागचे दोन बारीक एलईडी जळले तर वीज जाऊन जाऊन किती जाणार.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडेही एक मागणं आहे. पेपरात नव्या गाडीबद्दल लिहाल तेव्हा इंजिन आणि मायलेजच्या शेजारी दोन ओळी द्या, की ऑटोवर असताना दिवसा मागचे दिवे लागतात का, आणि वायपर चालू केले की हेडलाईट लागतात का. चालवून बघणाऱ्या पत्रकाराला हे जागच्या जागी तपासता येतं. वाचणारा मग गाडी घेताना तोच प्रश्न शोरूममध्ये विचारेल.

आपला,
एक नियमित वाचक