बोकड दोन होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उत्तम शुक्रवारानिमित्त (गुड फ्रायडे) आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात येशूच्या वधस्तंभावरील मरणाची तुलना आपल्याकडच्या नवसाच्या बोकडाशी केली आहे. खानदेशातल्या वाचकाला चटकन कळावं असा हेतू असेल, पण तुलना चुकीच्या अर्पणाशी जुळवली गेली.

मोशेच्या नियमशास्त्रात नवसाचा पशू शांत्यर्पणात, म्हणजे देवाशी सलोख्याच्या अर्पणात मोडतो (बायबलमधलं लेवीय हे पुस्तक, अध्याय ७). चरबी वेदीवर, ऊर आणि उजवी मांडी याजकाकडे, बाकीचं मांस घरच्यांनी त्या दिवशी नि दुसऱ्या दिवशी खायचं. तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळून टाकायचं. नवस फेडून भाऊबंदांना जेवू घालण्याच्या आपल्या रीतीला जवळचं आहे ते हे. पापाच्या प्रायश्चित्ताचा विधी निराळा.

तो लेवीय १६ मध्ये आहे. सातव्या महिन्याचा दहावा दिवस, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या आगेमागे. मुख्य याजक अंघोळ करून साधी तागाची वस्त्रं घालतो आणि आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पितो. मग दोन बोकडांवर चिठ्ठ्या टाकतात. एकाला कापून त्याचं रक्त आतल्या परमपवित्रस्थानी, दयासनावर (कराराच्या कोशाचं झाकण) आणि दयासनासमोर शिंपडतात. त्याचं मांस कोणी खात नाही. कातडं, मांस, शेण सगळं छावणीबाहेर नेऊन जाळतात. लोकांची पापं कबूल करून ज्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात तो दुसरा बोकड, आणि त्याच्यावर सुरी चालतच नाही. नेमलेला माणूस त्याला रानात नेऊन सोडतो. लेखात या दोघांचा एकच बोकड झाला आणि पापं लादून, रागावलेल्या देवाला शांत करायला कापलेला पशू उभा राहिला. त्या अध्यायात असा पशू नाही. तिथलं रक्त लोकांच्या पापांमुळे पवित्रस्थानाला लागलेला विटाळ काढण्यासाठी आहे.

‘रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही’ हे नव्या करारातल्या इब्री पत्रातलं वाक्य लेखात अर्धंच घेतलंय. त्याआधी रक्ताने ‘बहुतेक सर्व’ शुद्ध होतं अशी पुस्ती आहे, आणि ती उगाच नाही. ज्याला दोन पारवेही परवडत नसत त्याने एफा या मापाचा दहावा हिस्सा, साधारण दोन लिटर मापाचं सपीठ पापार्पण म्हणून आणावं, त्यात तेल किंवा धूप घालू नये, अशी सवलत लेवीय ५:११ मध्ये दिली आहे.

येशूचं मरण घडलं ते वल्हांडण या यहुदी सणात, चैत्राच्या सुमारास. वल्हांडणाचं कोकरू मिसरातल्या गुलामगिरीतून सुटण्याच्या रात्रीचं. नव्या करारातले लेखक पौल आणि योहान त्या कोकराकडे बोट दाखवतात, इब्री पत्र प्रायश्चित्ताच्या दिवसाकडे. देवाने आपल्या वाट्याची शिक्षा येशूला दिली ही मांडणी खानदेशातल्या प्रवचनांत जास्त ऐकू येते, कारण इथे अलायन्स मिशनसारख्या इव्हँजेलिकल मिशनांनी काम केलं. पण ती ठळक झाली १६व्या शतकातल्या धर्मसुधारकांकडून. त्याआधी, १०९८ च्या सुमारास, अन्सेल्म या धर्मपंडिताने शिक्षेऐवजी देवाच्या मानाचं थकलेलं देणं असा विचार मांडला होता. पहिल्या हजार वर्षांत भर होता तो मृत्यू आणि सैतानावरच्या विजयावर. यांपैकी एकच खरी, असं साऱ्या ख्रिस्ती मंडळीच्या प्राचीन विश्वपरिषदांपैकी एकीनेही ठरवलेलं नाही. लेखकाने मात्र एकीलाच ‘ख्रिस्ती मत’ म्हटलंय.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. कोणाला लुबाडलं, ठेव गिळली, सापडलेली वस्तू नाकारली, तर दोषार्पणाचा (अपराधाबद्दलच्या अर्पणाचा) मेंढा आणण्याच्या दिवशीच मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा मालकाला द्यायचा (लेवीय ६). मजुराचे ५,००० रुपये दाबले असतील तर त्याच्या हातात ६,००० पडले पाहिजेत, मेंढा त्याशिवाय. तो माणूस मेला असेल आणि जवळचा नातलगही नसेल तर रक्कम याजकाकडे जाते (बायबलमधलंच गणना हे पुस्तक, ५:८). बुडवणाऱ्याकडे ती राहतच नाही. येशूनेही दान वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं. प्रभुभोजनाच्या आधीच्या रविवारी हा हिशेब मंडळीसमोर मांडणं आपल्या पाळकांना काही अवघड नाही.

पुरवणीच्या पुढच्या अंकात निदान त्या दोन बोकडांपुरती दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, भुसावळ