मार्कर नॉर्मल म्हणजे गाठी स्वच्छ, असं नसतं

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

कालची अन्ननलिकेच्या कॅन्सरची बातमी वाचली, रात्रभर डोक्यातून गेली नाही म्हणून लिहितोय. ‘कॅन्सर गाठींत पसरलाय का, आता मार्कर सांगणार’ असं हेडिंग तुम्ही दिलंत (गाठी म्हणजे लसीका ग्रंथी, लिम्फ नोड; मार्कर म्हणजे कॅन्सरची खूण म्हणून रक्तात किंवा ट्यूमरच्या तुकड्यात बघायचा पदार्थ), आणि हा अभ्यास आधीच ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या जुन्या नमुन्यांवर केलाय ही गोष्ट शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत उरकलीत. ती ओळ वर का नाही घेतली? घरात पेशंट असलेला माणूस शेवटपर्यंत वाचत नाही हो, तो हेडिंग वाचतो आणि लॅबला फोन लावतो. मी लावला होता.

माझ्या दादाचं सांगतो. घास अडकायला लागला, आधी कोरडा, मग मऊसुद्धा, एंडोस्कोपी झाली, बायोप्सीत स्क्वॅमस, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर निघाला. सीटीवर मोठी झालेली गाठ कुठेच नव्हती. त्याच दिवसांत अशीच एक बातमी माझ्या वाचनात आली आणि मी वहिनीच्या मागे लागून, डॉक्टरांना न विचारता, दादाचं रक्त एससीसी अँटिजेन आणि सीईए या रक्तातल्या दोन मार्करसाठी पाठवलं. दोन्ही नॉर्मल आले. वहिनीने ‘सामान्य मर्यादेत’ या शब्दांखाली हिरव्या पेनाने दोन रेघा मारल्या, तो कागद अजून फाइलमध्ये आहे. घरात सगळे धरून चालले की गाठींपर्यंत गेलेलं नाही, आणि दादा म्हणाला मग एवढी घाई कशाला, मोठं ऑपरेशन आहे, जरा थांबू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या आकड्यावर मी काहीही ठरवणार नाही, तरी दादाला तयार करण्यात तीन आठवडे गेले. ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, 24 गाठी तपासल्या, 4 मध्ये कॅन्सर, म्हणजे गाठींत किती पसरलं त्या मोजणीत एन2. त्यातली एक तर जेमतेम 6 मिलिमीटरची. सीटीवर साधारण 1 सेंटिमीटरच्या पुढची गाठ मोठी धरतात, ही कुठून लक्षात येणार? त्या तीन आठवड्यांतच पसरलं असं मी म्हणत नाही, ते कोणीच सांगू शकत नाही. पण वहिनी अजून तेच विचारते आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

नंतर मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. अन्ननलिकेच्या आतल्या थरांतच लसीकावाहिन्यांचं, म्हणजे गाठींकडे द्रव नेणाऱ्या बारीक नळ्यांचं दाट जाळं असतं, ते नळीच्या लांबीला वरखाली पसरलेलं, त्यामुळे कॅन्सर लवकर गाठींत जातो आणि कधी कधी जवळची गाठ सोडून लांबच्या गाठीत सापडतो. आतल्या पातळ अस्तरापुरता असेल तर धोका कमी, त्याखालच्या थरात उतरला की एकदम वाढतो. म्हणून खात्रीचा मार्कर मिळाला तर खरंच मोठी गोष्ट होईल, सुरुवातीच्या पेशंटचं दुर्बिणीतून तेवढाच भाग काढून भागेल की अख्खी अन्ननलिका काढावी लागेल हे ठरवायला मदत होईल, हे मलाही मान्य आहे, संशोधकांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण बातमीत ज्या व्हीईजीएफ-सीचं (लसीकावाहिन्या वाढवणारं प्रथिन) एवढं कौतुक आहे ते ट्यूमरच्या तुकड्यात बघतात. बायोप्सीचा तुकडा काही मिलिमीटरचा आणि वरवरचा, आणि कॅन्सर घुसत असतो तो खालच्या कडेने, म्हणजे तो तुकडा सगळ्या ट्यूमरचं खरं सांगेलच असं नाही. आणि रक्तातल्या मार्करचं म्हणाल तर सीईए सिगारेट ओढणाऱ्यांतही वाढलेलं असतं, एससीसी अँटिजेन किडनीच्या आणि त्वचेच्या आजारातही वाढतं, आणि दादासारखं गाठींत कॅन्सर असूनही नॉर्मल येऊ शकतं. शंभर जणांच्या सरासरीत फरक दिसला म्हणून समोरच्या एका माणसाच्या गाठी कळल्या असं होत नाही. शिवाय नॉर्मल किती हा आकडा ज्या पेशंटवरून ठरवला त्यांच्यावरच तो बरोबर येणार ना, दुसऱ्या हॉस्पिटलच्या नवीन पेशंटवर तपासून बघितला का, ते तुमच्या बातमीत कुठेच नाही. स्क्वॅमसबद्दल आहे की अॅडिनोकार्सिनोमाबद्दल (ग्रंथीच्या पेशींचा, अन्ननलिकेच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार), तेही नाही.

एवढं तरी करा. उद्याच्या अंकात पहिल्याच पानावर चार ओळी छापा की ही टेस्ट अजून उपचार ठरवण्यासाठी वापरत नाहीत, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कोणी ऑपरेशन किंवा केमो-रेडिएशन पुढे ढकलू नये.

आणि अजून एक. सोबतच्या चित्रात तुम्ही श्वासनलिका लाल रंगवलीय. अन्ननलिका तिच्या मागे असते. फोटोखाली ‘घशाचा कॅन्सर’ लिहिलंय, तो आजारच वेगळा आहे. दादा स्वतः तुमचा पेपर रोज वाचतो, काल त्याने ते चित्र बघून मला विचारलं की माझं नेमकं कुठलं काढलं. चित्रही दुरुस्त करून छापा.

आपला,
एक जुना वाचक