शाळा सोडण्याचे कारण

सोलापूर,
रविवार, दुपारी

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

गड्ड्याच्या यात्रेत भेटलो त्याला आता चार महिने होतील. होम मैदानावर भजी खाताना तू जे बोललास ते मनातून जात नाही. "मल्ल्या, दहावीच करायची ना? मग १७ नंबरचा फॉर्म भर, घरी बसून अभ्यास कर, परीक्षा दे. या वयात पोरांच्या बाकावर बसून काय करणार बे?" त्या वेळी मी गप्प बसलो. तू रागावू नकोस, तुझं बोलणं काळजीचं होतं हे मला कळतं. पण उत्तर फोनवर देता येईना, म्हणून हे पत्र. शाळेत असताना तुझ्या वहीच्या मागच्या पानावर चिठ्ठ्या लिहायचो, त्यानंतर तुला काही लिहितोय ते हेच.

आधी तुझ्या बाजूचं सांगतो. १७ नंबरची चौकशी मी केली. पाचवी पास असलं, शाळा सोडल्याचा दाखला असला की बाहेरून दहावीला बसता येतं. आपलं बोर्ड पुणे विभागाचंच. पस्तीस मार्कांना पास. घरातून बाहेर न पडता होण्यासारखं आहे, हे तुझं खरं.

दाखल्यासाठी आपल्या जुन्या शाळेत गेलो. ऑफिसमधल्या बाईंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. पानं पिवळी, कडा फाटलेल्या. माझं नाव सापडायला अर्धा तास लागला. दाखला हातात पडला तसा बाहेर येऊन गाडीवर बसून वाचला. अभ्यासातील प्रगती : चांगली. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : सतत गैरहजर.

दत्ता, मी ती ओळ किती वेळा वाचली असेन. खोटं काही लिहिलेलं नाही. गैरहजर होतोच. पण १९९६ ची ती दिवाळी तुला आठवते ना? बाबांची मिल बंद पडली होती. भोंगा वाजायचा थांबला तरी बाबा पहाटे उठून आंघोळ करून बसायचे. आई शेजारणीकडून विडी वळायला शिकत होती. तिच्या विड्या चेकर निम्म्या बाजूला काढायचा. सुट्टी संपली आणि मला अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळायला ठेवलं. तू सकाळी मला हाक मारायला आलास, दोन दिवस लागोपाठ. आई म्हणाली, मल्लूला ताप आहे. ताप नव्हता. मी दाराआड उभा होतो, कामाचे कपडे घालून. तुझी हाक ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी तू आला नाहीस. एवढी वर्षं हे तुला सांगितलं नाही, आज सांगतो.

दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणाला एक रकाना आहे. शाळेत यायचं कारण लिहायला कुठल्याच कागदावर जागा नाही. ते तुला लिहितो.

शाळेतला माझा शेवटचा गणिताचा तास मला अजून दिसतो. सरांनी फळ्यावर लिहिलं, "समजा, ती संख्या क्ष आहे." मला कळेना की जी संख्या माहीतच नाही तिला नाव कसं देता येतं? आणि नाव दिलं की ती सापडते कशी? हात वर करणार तेवढ्यात घंटा झाली. म्हटलं, सुट्टीनंतर विचारू. तो प्रश्न तिथंच राहिला.

नंतर कांड्या सुटल्या, मागावर आलो, टॉवेलच्या मागावर कारागीर झालो. हात चांगला बसला. टॉवेलचं कापड कसं होतं माहीत आहे का तुला? दोन बीम असतात, म्हणजे उभा धागा गुंडाळलेले रूळ. एकाचा धागा ताणलेला, दुसऱ्याचा सैल. दोन आडवे धागे फणी थोडं अंतर ठेवून सोडते आणि तिसऱ्याला तिन्ही एकदम पुढं ठोकते. तेव्हा सैल धाग्याचे फुगे उभे राहतात, तीच टॉवेलची लव. हे सगळं मला डोळे मिटून येतं. मागाचा आवाज जरा बदलला तरी कुठला धागा तुटला असेल ते सांगतो. पण हिशेब आला की मी बाजूला होतो.

मागच्या वर्षी एक ऑर्डर आली. २७ बाय ५४ इंचाचा टॉवेल, ४५० जीएसएमचा. म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ४५० ग्रॅम. मालकांनी विचारलं, एक टॉवेल किती ग्रॅमचा होईल? उस्तादाने शिकवलेला ठोकताळा मला पाठ होता : ३० बाय ६० चा ४५० जीएसएमचा टॉवेल ५२२ ग्रॅमच्या आसपास भरतो. ३० चे २७ म्हणजे दहावा हिस्सा कमी. मी दहावा हिस्सा काढला आणि सांगितलं, ४७०. मालकांच्या मुलाने मोबाइलवर करून बघितलं, ४२३ आले. दोन हजार टॉवेलांचं सूत मागवायचं होतं. एका टॉवेलला ४७ ग्रॅमचा फरक म्हणजे ९४ किलो सूत जास्तीचं आलं असतं. वेळेवर कळलं म्हणून निभावलं. मला कुणी काही बोललं नाही. मुलाला विचारलं, माझं कुठं चुकलं? तो म्हणाला, "मामा, कॅल्क्युलेटर असंच सांगतो." त्याला उत्तर मिळालं होतं, माझं चुकलं कुठं ते मात्र त्यालाही सांगता आलं नाही.

तीन रात्री झोप नाही आली बे. मग जॅकार्डच्या डिझाइनचा एक रद्दी ग्राफ पेपर घरी आणला. त्यावर दहा बाय दहाचा चौकोन काढला, आतली घरं मोजली, शंभर. रुंदीचा दहावा हिस्सा खोडला, नव्वद उरली. आणि मग दिसलं की लांबीचाही दहावा हिस्सा जातोय! ६० चे ५४ झाले होते, ते मी धरलंच नव्हतं. तीही ओळ खोडली, एक्याऐंशी उरली. ५२२ चे शंभरातले एक्याऐंशी म्हणजे ४२३ ला जातात. रात्री दीड वाजता एकटाच उठून उभा राहिलो. बायकोला उठवून सांगितलं. तिने डोळे चोळत तो कागद नीट बघितला आणि म्हणाली, "मग हे आधी कुणी का नाही सांगितलं?"

त्या रात्री वाटलेला आनंद मला पुन्हा हवा आहे. माझं पहिलं कारण ते. सर्टिफिकेटने पगार वाढत नाही, आमच्याकडे मजुरी मालावर मिळते.

दुसरं कारण मुलीच्या पुस्तकात सापडलं. ती आठवीत आहे. लोकांना वाटतं, पोरीला शिकवता यावं म्हणून मी शाळेत जाणार. ती हुशार आहे, तिला माझी गरज नाही. मीच तिचं पुस्तक चाळत होतो. 'चलन' नावाचा धडा निघाला. व्यस्त चलन म्हणजे एक वाढलं की दुसरं त्याच हिशेबात कमी होतं. मी थांबलोच. सुताचा काउंट हाच की! एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा काउंट. म्हणून २० पेक्षा ४० चं सूत बारीक. नवीन पोरगा कारखान्यात आला की पहिल्या दिवशी इथंच अडकतो, आकडा मोठा आणि धागा बारीक कसा? आम्ही म्हणतो, असंच असतं, पाठ कर. मलाही असंच सांगितलं होतं. आणि त्याचा आख्खा धडा आठवीच्या पुस्तकात बसलेला. दिवाळीनंतर शाळेत राहिलो असतो तर... जाऊ दे. पण मला त्या धड्यापासून सुरुवात करायची आहे, आणि तो कुणीतरी फळ्यावर शिकवताना बघायचा आहे.

आता तुझा खरा प्रश्न, शाळेतच कशाला? घरी बसून मी किती वाचतो तुला माहीत आहे. रविवारी हिराचंद नेमचंद वाचनालयात जातो, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो. पण एकट्याने वाचताना मला जे अडतं तेवढंच मी विचारतो. आठवतं, वर्गात तू असे प्रश्न विचारायचास जे माझ्या डोक्यात आलेच नसते? भूगोलाच्या तासाला तू विचारलं होतंस की उजनी धरणातलं पाणी भीमेचंच, मग धरणाच्या खालच्या गावांना ते दिल्यासारखं का म्हणायचं? सर हसले होते आणि मग पूर्ण तास त्यावरच गेला. मला शेजारी असा कुणीतरी पाहिजे. आणि चुकलो तर मोठ्याने चुकायचं आहे, चार जणांसमोर. कारखान्यात चुकलं की नुकसान होतं. चुकायला मोकळीक असलेली एकच जागा मला माहीत आहे आणि ती मी तेराव्या वर्षी सोडली.

भाषेचंही आहे थोडं. आजी माझ्याशी कन्नड बोलायची, मागावर माझी तेलुगू झाली, मराठी मात्र नीट लिहायला शाळेने शिकवली. या पत्रात कुठं कुठं अडखळलो ते तुला दिसेलच. 'ऱ्ह' आणि 'ऱ्या' लिहिताना अजून हात थांबतो.

इथं एक रात्रशाळा आहे. आठवी ते दहावी, साडेसहा ते साडेनऊ. मी जाऊन आलो. वर्गात हॉटेलात काम करणारी पोरं होती, एक रिक्षावाला, दोन बायका. एका बाईंची मुलगी बाकाखाली पाटीवर चित्रं काढत होती. मुख्याध्यापकांनी वय विचारलं, कारण विचारलं नाही. तू पुण्यात राहतोस, तुझ्याच गावात जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबून रात्री शिकणारी माणसं इतकी जुनी आहेत. मला त्यांच्यात बसायला संकोच का वाटावा?

अडचण पैशाचीच आहे. रात्रपाळी सोडावी लागेल आणि दिवसाची पाळीही सहाला सुटायला हवी. मालकांशी बोललो. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, पण दोन दिवसांनी म्हणाले, जून ते दिवाळी करून बघ. महिन्याला पैसे कमी येतील. बायको म्हणाली, गणपतीला नवीन कपडे नाही घेतले तर काय बिघडतं? मुलीने मला तिचं गेल्या वर्षीचं दप्तर काढून ठेवलंय. एका बाजूची चेन बिघडलेली आहे, ती मी दुरुस्त करून आणली.

भीती वाटते, हे तुझ्यापासून लपवत नाही. आकड्यांची नाही वाटत. दिवसभर उभं राहून संध्याकाळी बाकावर बसलो की डोळा लागेल याची वाटते. मागावर उभ्या-उभ्या झोप आवरता येते, बसल्यावर काय होईल माहीत नाही.

तुला दोन गोष्टी मागतो. तुझ्याकडे ती जुनी कंपासपेटी अजून आहे म्हणालास, झाकणावर आपल्या दोघांची नावं कोरलेली. ती कुरिअरने पाठव. कर्कटक गंजलं असेल तरी चालेल, मी तेल लावीन. आणि पंधरा जूननंतर मला संध्याकाळी फोन करू नकोस, साडेनऊनंतर कर. पहिल्याच दिवशी कर. सरांना तो क्षचा प्रश्न विचारणार आहे, ते काय म्हणाले ते सांगतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मल्लिनाथ