त्या स्विचची नोंद दाखवा : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना कोल्हापुरातून खुलं पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपलं मुख्य कार्यालय मुंबईत आहे, म्हणून मराठीत लिहायला हरकत नसावी. शिवाजी उद्यमनगरात माझं दोन लेथचं छोटं वर्कशॉप आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, त्याचं मशिनिंग करून देतो. बँकेशी माझा संबंध म्हणाल तर शनिवारचे पगार, महिन्याचं वीजबिल आणि पार्टीचं पेमेंट जमा झालं का हे रोज एकदा मोबाईलवर बघणं, एवढाच.

तो दुसरा शनिवार होता. सकाळी सहाला चहा ठेवून मोबाईल हातात घेतला तर पहाटे दोन चौदा ते दोन एकोणीसच्या दरम्यान आलेले तीन मेसेज. २४,८७०, पुन्हा २४,८७० आणि १८,६५५. एकूण ६८,३९५ रुपये, कुठल्याशा परदेशी वेबसाइटवर माझ्या डेबिट कार्डाने खर्च. कार्ड पाकिटात, पाकीट खुंटीवरच्या पँटमध्ये. बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड बंद केलं, तक्रार क्रमांक घेतला, सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करून तिथंही नोंद केली. साडेसातच्या आत हे सगळं झालं होतं. दुसरा शनिवार म्हणून शाखा बंद. संध्याकाळी कामगारांचे पगार मेहुण्याकडून उसने घेऊन केले.

सोमवारी शाखेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी मेसेज न वाचताच निकाल दिला, "ओटीपी दिला असणार कुणालातरी." मी मोबाईल पुढे केला. त्यांनी बोटानं वर-खाली करून पाहिलं. शुक्रवारी रात्रीपासून शनिवार सकाळपर्यंत एकही ओटीपी आलेला नव्हता. क्षणभर थांबून ते म्हणाले, "मग कार्डामागचे तीन आकडे सांगितले असतील." शेजारी पासबुक भरायला आलेला आमचा बेअरिंगवाला हळूच म्हणाला, "काय बी म्हटलं तरी चूक तुमचीच की ओ."

ओटीपी का आला नाही, हे आपल्याला माझ्याकडून समजून घ्यायची गरज नाही. देशातल्या ऑनलाइन खरेदीला ओटीपीसारखी दुसरी खातरजमा आपण सक्तीची केली, पण परदेशातल्या विक्रेत्याला ती लागू होत नाही. तिथं कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. म्हणूनच १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकात आपण नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू ठेवून द्यायला सांगितलंत. ऑनलाइन किंवा परदेशी वापर हवा असेल तर खातेदारानं तो स्वतः चालू करायचा, आणि असा बदल झाला की बँकेनं त्याला कळवायचं. माझं कार्ड २०२३ चं. बँकेच्या ॲपमधलं ऑनलाइन वापराचं बटण, म्हणजे स्विच, मीच चालू केलं, कारण लेथचे इन्सर्ट मी पुण्याहून ऑनलाइन मागवतो. परदेशी वापराच्या बटणाला कधी हात लावला नाही. ते चालू झाल्याचा मेसेजही मला आलेला नाही. शनिवारी सकाळी ॲप उघडलं तेव्हा मात्र ते चालू होतं.

माझं सगळं भांडण या एका बटणाशी आहे. ते कुणी चालू केलं? कुठल्या मोबाईलवरून, किती वाजता? बँकेच्या संगणकात याची नोंद असणारच. आमच्याकडे साधा ड्रिल बदलला तरी शिफ्टच्या वहीत लिहितात. तीन अर्जांत मी ही नोंद मागितली. दोन अर्जांना उत्तरच नाही, तिसऱ्याला तोंडी उत्तर मिळालं, "ती अंतर्गत माहिती आहे, देता येत नाही."

६ जुलै २०१७ चं आपलं परिपत्रक मी आता शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलंय. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकानं बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्याचं. तक्रार आल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात परत दाखवायची, विम्याच्या दाव्याची वाट न बघता. नव्वद दिवसांत निकाल लावायचा. आणि ज्या कलमासाठी हे पत्र लिहितोय ते असं की, ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर.

दहा दिवसांच्या बाबतीत मला तिसऱ्या आठवड्यात सांगण्यात आलं की इन्शुरन्सचं बघतोय. परिपत्रकाची प्रत काढली, त्या ओळीखाली लाल पेनानं रेघ मारली आणि टेबलावर ठेवली. पुढच्या आठवड्यात रक्कम खात्यात दिसू लागली, पण होल्ड लावून. बघायची, काढायची नाही. इंग्रजीत याला शॅडो म्हणतात म्हणे. सावलीनं पगार भागत नाहीत, पण असो.

ऐंशी दिवस उलटले आणि इंग्रजीत दीड पानाचं पत्र आलं. मराठीत त्याचा अर्थ इतकाच की व्यवहारात कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे आकडे बरोबर टाकलेले आहेत, ही माहिती फक्त कार्डधारकाकडे असते, सबब ती त्यानं उघड केली असली पाहिजे, दावा नामंजूर. त्याच दिवशी खात्यातली सावलीही गेली. पासबुकात आता त्या रकमेच्या दोन ओळी आहेत, एक आल्याची, एक गेल्याची.

"असली पाहिजे" हा पुरावा कसा होतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. माझ्याकडून गेलेला जॉब पार्टीनं रिजेक्ट केला तर सोबत मोजमापाचा कागद येतो. बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, पन्नासचा हवा होता, पन्नास पॉइंट शून्य आठ आला, एवढं लिहिलेलं असतं. मग मी गप्प बसतो आणि नवीन पीस करून देतो. "तुमच्याकडनंच चुकलं असणार" एवढं म्हणून कुणी माझं बिल कापलं तर उद्यमनगरात त्याला दुसऱ्यांदा कुणी दारात उभं करणार नाही. कार्डाची माहिती वेबसाइटवरून चोरीला जाऊ शकते, पेट्रोल पंपावर उतरवून घेता येते, विक्रेत्याच्या साठ्यातून फुटू शकते. बँकेनं या तिन्ही वाटा तपासल्याचं पत्रात कुठंच नाही.

जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ च्या याच परिपत्रकाच्या आधारे एका खातेदाराचे सुमारे ७६ लाख ९० हजार रुपये सहा आठवड्यांत व्याजासह परत करायला बँकेला सांगितलं. त्याची तक्रार आधी बँकिंग लोकपालांनी, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या आपल्याच अधिकाऱ्यांनी, फेटाळली होती. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आमच्याच गावात, भाऊसिंगजी रोडला आहे, त्यामुळे मुंबईची वारी वाचली हे खरं. पण अडुसष्ट हजारांसाठी उच्च न्यायालयापर्यंत कोण जाणार? वकिलाची फी आणि बंद लेथ यांचा हिशेब मांडला की माणूस बँकेचं पत्र घडी घालून कपाटात ठेवतो. नकाराचं पत्र लिहिणाऱ्यालाही हा हिशेब पाठ असावा, असा माझा संशय आहे.

लोकपालांकडे माझी तक्रार दाखल आहे. तिथला निकाल लागेल तेव्हा लागेल. आपल्याकडे मागणं वेगळं आहे. भार बँकेवर आहे हे आपण लिहिलंत, पण तो भार उचलला म्हणजे नेमकं काय केलं, हे लिहिलं नाहीत. तेवढी एक ओळ जोडा. नकार द्यायचा तर पत्रासोबत नोंदी द्यायच्या: कार्डाचं कुठलं बटण कधी, कुठल्या मोबाईलवरून चालू झालं, खातेदाराला मेसेज कधी गेला, व्यवहार कुठल्या देशातून झाला. नोंदी जोडल्या नाहीत तर तो नकार धरायचा नाही आणि नव्वद दिवस झाले की होल्ड काढून पैसे द्यायचे. पत्र खातेदाराच्या भाषेत असलं तर उत्तमच. आमच्या बेअरिंगवाल्याला आलेलं इंग्रजी पत्र त्यानं दोन महिने मंजुरीचं समजून जपून ठेवलं होतं.

माझ्यापुरतं म्हणाल तर मला ती एक नोंद हवी आहे. परदेशी वापराचं बटण माझ्या मोबाईलवरून चालू झालेलं निघालं, तर हे पत्र मी मागे घेईन, ६८,३९५ रुपये सोडून देईन आणि शाखेत जाऊन साहेबांची माफी मागेन.

आपला,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर येथील एक खातेदार