बिल भरून मोकळी का होत नाही

लेस्टर, 20 मार्च

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘भरून टाक आणि मोकळी हो, वकिलाशी वाकडं कशाला घ्यायचं?’ आईनेही मागून तुमचीच री ओढली. मुलांच्या शाळेची गडबड होती, नीट बोलता आलं नाही. पण हे बिल मी आहे तसं भरणार नाही, आणि ते तुम्हाला पटावं असं मला मनापासून वाटतं.

छताचं काम अर्धवट टाकून गेलेल्या कंत्राटदाराकडून आम्हाला 7,400 पौंड यायचे आहेत. त्यासाठी इथल्या एका सॉलिसिटर फर्मकडे गेलो. खर्चाचा अंदाज लेखी मिळाला, 1,800 पौंड अधिक 20 टक्के व्हॅट. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बिल आलं ते 4,350 चं, व्हॅट धरून 5,220. मधल्या काळात ‘अंदाज ओलांडतोय, पुढे जायचं का?’ असं कुणी एका ओळीने विचारलं नाही.

इथे वकिलाचा वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात. आमच्या वकिलाचा दर तासाला 240 पौंड, म्हणजे एका तुकड्याचे 24. ‘कागद मिळाले, आभारी आहे’ एवढीच माझी ईमेल, तिच्या वाचनाचे 24 पौंड. त्यालाही माझी फार हरकत नाही, तशी पद्धतच आहे. पण आमचं काम बघणारी मुलगी नोकरी सोडून गेली, तिच्या जागी आलेल्याने सगळी फाइल पहिल्यापासून वाचली, आणि त्या वाचनाचे पैसे आमच्या नावावर! माणूस त्यांचा गेला, भुर्दंड आम्हाला का? वर, त्या अदलाबदलीत आठवडेच्या आठवडे आमच्या एकाही ईमेलला उत्तर नव्हतं.

याहून मोठं दुखणं वेगळंच आहे. इंग्लंडमध्ये 10,000 पौंडांपर्यंतचे असे दावे ‘स्मॉल क्लेम्स’मध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या प्रक्रियेत चालतात. तिथे जिंकलं तरी कोर्ट फी वगैरे मिळते, पण वकिलाचा खर्च समोरच्याकडून सहसा मिळत नाही. लोक तिथे स्वतःच उभे राहतात. म्हणजे 7,400 मिळवायला 5,220 घालवायचे! हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. वकिलांवर देखरेख करणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीचा नियमच आहे, की खर्चाची शक्य तितकी चांगली माहिती अशिलाला सुरुवातीला द्यायची आणि काम पुढे सरकेल तशीही द्यायची. बांधाच्या दाव्यात आपले वडूजचे वकीलसाहेब पैसे घ्यायचेच, पण पुढच्या तारखेला किती लागतील ते आधी सांगायचे. म्हणून तर तुमचा त्यांच्यावर विश्वास होता ना?

तुम्ही विचारलंत, ग्राहक न्यायालयात जाता येत नाही का. आपल्याकडे ती वाट आता बंद आहे. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते, पण ती चौकशी वकिलाच्या वागणुकीची. इथे लीगल ऑम्बुड्समन आहे, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल. आधी फर्मकडे लेखी तक्रार करायची, त्यांना आठ आठवडे द्यायचे. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ऑम्बुड्समनकडे जायचं. अशिलाला त्याचा खर्च नाही, आणि फी कमी करायला लावण्याचा त्यांना अधिकार आहे. माझी तक्रार गेली आहे, मुदत एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संपते.

दुसरी वाट कोर्टाची. 1974 च्या सॉलिसिटर्स ॲक्टखाली बिल कोर्टाकडून तपासून घेता येतं. बिल एक पंचमांश किंवा त्याहून जास्त कमी झालं, तर तपासणीचा खर्च साधारणपणे वकिलावर, नाहीतर आपल्यावर. पण बिल मिळाल्यापासून महिन्याच्या आत अर्ज केला तरच तो हक्काचा, पुढे बारा महिन्यांपर्यंत कोर्टाच्या मर्जीवर. एकीकडे फर्मला उत्तरासाठी आठ आठवडे आणि दुसरीकडे अशिलाला एकच महिना, हे मला अन्यायाचं वाटतं. तक्रारीच्या उत्तराची वाट बघणाऱ्याचा हक्क वाट बघण्यातच जातो.

आम्ही काही बुडवत नाही आहोत. अंदाजाइतके, व्हॅटसह 2,160 पौंड तुमच्या जावयांनी पाठवलेसुद्धा. वाद आहे तो बाकीच्या रकमेचा.

आता तुमच्याकडे एक काम आहे. बिलाचा सहा पानी तक्ता आणि आमच्या सगळ्या ईमेलची तारीखवार यादी दादाच्या व्हॉट्सॲपवर टाकली आहे. त्याच्याकडून छापून घ्या. जिल्हा परिषदेत ऑडिटला असताना व्हाउचर तपासायचात तसं एकेक ओळ लावून बघा. जिथे मेळ बसत नाही किंवा एकच काम दोनदा लावलंय, तिथे लाल खूण करा आणि फोटो पाठवा. महिनाअखेरीपर्यंत मिळालं तर ऑम्बुड्समनच्या अर्जाला जोडता येईल.

आईला सा. नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची,
ताई