प्लॅन ३००चा, वायर १००ची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात हल्ली दिवसाआड घरच्या इंटरनेटचं एक रंगीत पत्रक निघतं, वेग ३०० एमबीपीएस, ५०० एमबीपीएस, राउटर फ्री, इन्स्टॉलेशन फ्री. ते पेपरवाला मुलगा घडीत सरकवतो, तुमचा त्यात काही दोष नाही, पण ते बघितलं की माझं डोकं फिरतं म्हणून शेवटी लिहायला बसले. पत्र लांबलं तर कात्री लावा, फक्त वायरीचा भाग कापू नका.

मी वर्तकनगरला राहते, जुनी बिल्डिंग, आणि घरी नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. २०२० पासून निम्मी मुलं ऑनलाइनच आहेत, लॉकडाऊन कधीच संपला पण आयांना ते बरं पडतं, पावसाळ्यात घोडबंदर रोडवरून पोराला आणा-सोडायला नको. हॉलमध्ये सासूबाईंची सिरीयल असते म्हणून मी आतल्या खोलीत बसते आणि तिथे संध्याकाळी साडेसात वाजले की मी अडकायचे. म्हणजे मुलांना माझा फळ्याकडे गेलेला हात दिसायचा, पुढे काही नाही. "टीचर, तुम्ही परत पुतळा झालात" असा मेसेज यायचा.

कस्टमर केअरला फोन केला. पलीकडच्या मुलीने घर केवढं, राउटर कुठे ठेवलाय, काही म्हणजे काही विचारलं नाही, थेट म्हणाली मॅडम तुमचा प्लॅन छोटा आहे १०० चा, ३०० चा घ्या. घेतला. महिना २५० रुपये जास्त, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९५. आणि पुतळा तिथेच. मग परत फोन, परत तक्रार, एकदा एक मुलगा आला, राउटर बंद करून चालू केला, आमच्याकडे चहा प्यायला आणि गेला. असे १४ महिने गेले. २९५ गुणिले १४, ४१३० रुपये.

नंतर कळलं ते असं की माझा त्रास प्लॅनचा नव्हताच. व्हिडिओ क्लासला तीन-चार एमबीपीएस लागतात, सासूबाईंचा टीव्ही अगदी फोर-के लावला तरी पंधरा-वीस, लेकाचं कॉलेजचं काय असेल ते धरून चाळीसच्या वर आमचं घर जात नाही. त्रास हॉलपासून आतल्या खोलीपर्यंतचा होता. कंपनीने दिलेला तो पांढरा डबा दोन काड्यांचा, वाय-फायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे (बँड) असतात त्यातला फक्त २.४ वाला, आणि तो ठेवलेला कुठे तर टीव्हीच्या मागे, शेजारी लोखंडी कपाट, मध्ये एक भिंत. त्यात या २.४ वर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या आतल्या खोलीत रात्री आठला फोनवर वाय-फायची नावं मोजली तर २७ भरली. २७ घरं आणि तीन चॅनेल, म्हणजे सकाळची ८.२३ ची लोकल. वर कोणी दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावला की तोही त्याच २.४ मध्ये घुसतो. ५ गिगाहर्ट्झला जागा खूप जास्त असते आणि वेगही, पण भिंत आली की ते लवकर दमतं, म्हणून दोन्ही असलेला ड्युअल बँड राउटर घ्यायचा आणि तो घराच्या मध्यावर, उंच, कपाटापासून लांब लावायचा. आमच्यासारख्या दोन खोल्यांना मेश-बिश (घरभर दोन-तीन डबे लावायची भानगड) लागत नाही. मोठा फ्लॅट आणि सगळ्या आरसीसी भिंती असतील तर वेगळं, पण तिथेही स्वस्तातला रिपीटर आणू नका, एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्याच्यावरच पुढे सांगायचं म्हणजे वेग निम्म्यावर येतो.

राउटर आणायला मी लेकाला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदार म्हणे आठ अँटेना आहेत मॅडम. अँटेना मोजून राउटर घेणं म्हणजे शेंगा मोजून शेवग्याचं झाड घेणं, काड्या प्लॅस्टिकच्याही असतात. खोक्यावर मोठ्ठं १२०० लिहिलेलं असतं, ते २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची बेरीज करून वर ओढलेलं, आणि तेही कागदावरचं, तुमच्या एका फोनला कधीच एवढं मिळणार नाही. खरं बघायचं ते खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असतं. पोर्टच्या (वायर खुपसायच्या भोकाच्या) पुढे १०/१०० लिहिलंय की १०/१००/१०००. पहिलं असेल तर त्या भोकातून १०० च्या वर काहीही आत येणार नाही, मग वर तो १२०० चा असो नाहीतर १२ हजारचा. आणि असे १२०० वाले आत १०० चेच पोर्ट असलेले राउटर सर्रास विकायला आहेत, आम्हाला पहिला दाखवला तो तसलाच.

आम्ही वाय-फाय ६ चा घेतला, सगळे पोर्ट गिगाबिट म्हणजे १००० वाले, साडेतीन हजारात. हे ४-५-६ नंबर २०१८ पासून आले, आधी ८०२.११ च्या पुढे एसी, एएक्स अशी अक्षरं असायची. सातवाला पण होता दुकानात, पण लेकाचा फोन ६ चा, माझा ५ चा, टीव्ही तर त्याहून जुना, तर सातवाला आणून त्याचं काय लोणचं घालायचं. सुरक्षेला डब्ल्यूपीए ३ (वाय-फायच्या कुलपाचा नवा प्रकार) आहे का आणि बनवणारी कंपनी अपडेट देते का एवढं मात्र विचारा. आणि घरी आणल्या आणल्या त्याचा आतला पासवर्ड बदला, वाय-फायचा नाही, राउटरच्या सेटिंगचा. आमच्या जुन्या डब्याच्या बुडाला अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन असंच छापलेलं होतं आणि पूर्ण बिल्डिंगला तेच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच फॅक्टरीचे पासवर्ड टाकून टाकून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससुद्धा काही तास बंद पाडलं होतं.

जोडताना कंपनीने युजरनेम-पासवर्ड द्यायला दोन दिवस लावले, मग म्हणे जुन्या राउटरचा मॅक बाइंड आहे (म्हणजे त्या डब्याचा नंबर त्यांच्याकडे कनेक्शनला बांधलेला) तो बदलावा लागेल. हे तुमचा राउटर लावायच्या आधीच फोनवर मागून ठेवा. माझी बहीण नेरूळला असते, तिच्याकडे फायबर थेट घरात येतं, तिथे कंपनीचा डबा काढताच येत नाही, त्याला ब्रिज मोडवर टाका (म्हणजे तो नुसतं नेट पुढे देतो, बाकी काम आपला राउटर करतो) म्हणून सांगायचं, नाही ऐकलं तर आपला राउटर त्याच्या मागे अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वाय-फाय देण्यापुरता, लावायचा. तिने तसंच केलंय, चाललंय.

असो. नवीन राउटर लागला आणि आतल्या खोलीतला पुतळा हलायला लागला, मुलांनी अंगठे दाखवले. लेकाने हौसेने वायरने लॅपटॉप जोडून स्पीड टेस्ट लावली. ९४.

आता मला सांगा. प्लॅन १०० चा होता तेव्हा ९४. ३०० चा झाला तेव्हा ९४. जुना राउटर ९४, नवा राउटर ९४. चल बदलतायत आणि उत्तर तेच येतंय म्हणजे कुठेतरी स्थिर पद लपलंय, हे मी दहावीच्या पोरांना रोज शिकवते आणि मला स्वतःला १४ महिने दिसू नये याची खरंच लाज वाटली. हा ९४ कुठून येतो तेही सांगते. वायरीवरून डेटाचं एक पाकीट जातं ते सगळं मिळून १५३८ बाइटचं, त्यात आपल्या कामाचे साधारण १४५०, बाकी पत्ता आणि पॅकिंग. भागाकार करा, १०० मधले ९४. म्हणजे स्पीड टेस्टवर ९३-९४ वर काटा अडकला की समजायचं की वाटेत कुठेतरी १०० चं काहीतरी बसलंय.

राउटरचं भोक तर आता गिगाबिट होतं. राहिली वायर. मी ती खिडकीजवळ नेऊन चष्मा लावून बघितली. टोकाचा जॅक पारदर्शक असतो ना, त्यात आठ रंग दिसायला पाहिजेत, माझ्यात चार. नारिंगी, पांढरा-नारिंगी, हिरवा, पांढरा-हिरवा. निळी आणि तपकिरी जोडी गायबच. १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. मग त्या बाकीच्या चार गेल्या कुठे म्हणून दाराबाहेर वायरीच्या मागे मागे गेले तर मीटरच्या पेटीच्या वर वायर सोललेली, निळी-तपकिरी जोडी तिथून वळून, सेलोटेप लावून, शेजारच्या काकांच्या दारावरून आत. आमच्याकडे फायबर गच्चीवरच्या डब्यापर्यंतच आहे, तिथून खाली साधी लॅन वायर, आणि एका वायरीत दोन घरं बसवलेली. (जाता जाता, ज्यांच्याकडे असा डबा गच्चीवर आहे त्यांनी राउटरला छोटा यूपीएस घेऊ नये, बिल्डिंगची लाईट गेली की वरचा डबाच बंद पडतो, माझे बाराशे गेले.)

कंपनीचा मुलगा आला, त्याला दाखवलं. जराही न लाजता म्हणाला, मॅडम सगळ्या जुन्या बिल्डिंगमध्ये असंच आहे. मग त्याने आठही तारा आमच्या जॅकमध्ये ठोकल्या, टेस्टला २८८ आले, आणि पाचव्या मिनिटाला शेजारच्या काकू दारात, आमचं नेट का गेलं हो?

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या कंपनीचीच वायर चार तारांची आणि तिनेच दिलेला राउटर १०० चा, ती मला ३०० चा प्लॅन विकूच कशी शकते. प्लॅनवर 'अप टू' लिहिलेलं असतं हे माहितीये, आणि सरकारी व्याख्येत किमान २ एमबीपीएस मिळालं की ते ब्रॉडबँड, २०२३ च्या आधी तर ५१२ केबीपीएसच, म्हणजे अर्धा एमबीपीएस होतं. पण बिलावर जीएसटी नंबर छापता तसं राउटरचा पोर्ट केवढा आणि घरापर्यंतची वायर किती तारांची हे छापायला काय जातं? दूरसंचारवाल्यांनी हे सक्तीचं करावं आणि तुमच्या पेपरने ते लावून धरावं. मी रीतसर तक्रार केलीय, डॉकेट नंबर घेतलाय, उत्तर आलं 'तुमची समस्या सोडवली आहे'. अपील करणार आहे. परत १०० च्या प्लॅनवर यायचं म्हटलं तर म्हणतात सहा महिन्यांचं आगाऊ भरलंय, त्यानंतर बघू.

काकांना त्या मुलाने दुसऱ्या दिवशी नवीन वायर ओढून दिली, घाई होती म्हणून त्यातही चारच तारा लावल्यात, मी बघितलं. त्यांचा प्लॅन ४० चा आहे, त्यांना पुरून उरतंय, म्हणून काही बोलले नाही. पण परवा जिन्यात कंपनीचा सेल्सवाला त्यांच्याच दारात उभा होता, हातात तेच पत्रक, ३०० एमबीपीएस, राउटर फ्री.

आपली,
एक नियमित वाचक, वर्तकनगर, ठाणे (प.)